सात घोडे अडवायला एक म्हैस: भिंतीसाठी जुन्या बाजारांची सफर

नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक भिंत रिकामी राहिली आणि ती आमच्या मेहुण्यांच्या नजरेस पडली. अनिलराव म्हणजे बायकोचे, सुनीताचे थोरले भाऊ, मुक्काम सांगली. अत्यंत प्रेमळ माणूस. आणि प्रेमळ माणसांपासून घर वाचवणं फार अवघड असतं. त्यांनी फोनवर जाहीर केलं, "दाजी, त्या भिंतीला माझ्याकडून सात घोडे. सहा फुटी. मागं सूर्य, सूर्यात लाईट. रविवारी घेऊनच येतो."

असंच धावत्या घोड्यांचं चित्र त्यांच्याही हॉलमध्ये आहे. लाईट लावला की घराचं रसवंतीगृह होतं.

"दादाला नको म्हणता येत नाही," सुनीता म्हणाली, "पण भिंतीवर जागाच उरली नसली तर?"

म्हणून शनिवारी सकाळी मी कोल्हापुरातून स्कूटर काढली. खिशात तीन हजार, कारण घराचे हप्ते सुरू झाल्यापासून आमच्याकडे सौंदर्यदृष्टीला तेवढीच तरतूद आहे. जुन्या वस्तू आणायला जाणाऱ्यांनी सोबत सुतळी, जुनी चादर आणि ओलं फडकं ठेवावं. पोटात मिसळही ठेवावी. उपाशी माणूस घासाघीस करत नाही, लवकर मान डोलावतो.

पहिला मुक्काम कबनूर. सांगली रस्त्याने हातकणंगल्यापर्यंत जायचं आणि इचलकरंजीकडे वळायचं. रस्ता चांगला आहे. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर तो निवांत बघताही येतो. गावात शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो आणि बोलणारा प्रत्येक माणूस भांडतोय असं वाटतं. एका भंगारवाल्याकडे जुने धोटे मिळाले. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. वापरून वापरून इतका गुळगुळीत, की हातातून खाली ठेववत नाही.

"कशाला पायजेत?" दुकानदाराने विचारलं.

"भिंतीवर लावायला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमचा बा ह्येच्या आवाजानं बहिरा झाला, आन तुमी शोला लावणार व्हय?"

पैसे मात्र त्याने शोचेच घेतले. चारशेला अर्धा डझन.

तिथून मागे हातकणंगले आणि पुढे पेठ वडगाव. वाटेत वडा खाल्ला. तिखट इतका, की पुढचे दोन किलोमीटर हेल्मेटमध्ये रडत होतो. वडगावात जुन्या सामानाच्या दुकानात पाऊल टाकलं तर आत भांडण जुंपलेलं. एक पांढऱ्या टोपीचे आजोबा भलीमोठी सागवानी फ्रेम मांडीशी धरून स्टुलावर बसले होते. दुकानदार म्हणत होता, "तात्या, फोटू काढून घ्या. मी काच-लाकडाचंच देणार."

"फोटू कुठं ठेवू? नव्या घरात लेकानं टीव्हीला भिंत दिली. माळ्यावर उंदरास्नी दाखवत बसू व्हय?"

फोटोत तरुणपणीचे तात्या फेटा बांधून उभे होते, आणि शेजारी शिंगं रंगवलेली एक दांडगी म्हैस. दुधाच्या स्पर्धेत पहिली आलेली. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच रुबाब.

मला फ्रेम आवडली होती. तसं म्हणालो.

"फ्रेम पायजे तर मी बी येणार," तात्या म्हणाले.

"ठीक आहे. आठशे देतो."

"आठशेची तर नुसती म्हस हाय. मी काय फुकट?"

फोटोतल्या माणसाशीच त्याच्या किमतीची घासाघीस करणं बरं दिसत नाही. बाराशेला सौदा ठरला. वर दोन अटी. एक, भिंतीवर लावल्यावर फोटो काढून सुनेच्या मोबाइलवर पाठवायचा. दुसरी त्यांनी बोट नाचवून सांगितली, "हार न्हाय घालायचा. म्हस गेली. मी हाय."

मी शब्द दिला. दुकानदाराने स्वतःच्या डोक्याला हात लावला.

चादरीत गुंडाळलेले तात्या पायांशी उभे करून हायवेने घरी आलो. संध्याकाळभर ठोकाठोक. मधोमध तात्या आणि म्हैस, भोवती धोटे. भिंत झकास दिसत होती. पण अनिलराव 'ही मोडतोड काढा' म्हणाले असते तर काढायला पाच मिनिटंही लागली नसती, याची धास्ती होतीच.

रविवारी ते आले. वॉचमनच्या मदतीने घोडे दाराशी टेकवले, भिंतीकडे पाहिलं आणि थबकले.

"हे कोण?"

"आजोबा," सुनीता म्हणाली. "ह्यांचे चुलत."

मराठी घरात चुलत या शब्दाला तळ नसतो. अनिलरावांनी हात जोडले आणि आल्या पावली खाली गेले.

"कशाला खोटं बोललीस?"

"मग तुम्ही सांगा दादाला खरं."

तेवढ्यात अनिलराव झेंडूचा हार घेऊन वर आले आणि स्टुलावर चढले. गप्प राहिलो असतो तर भिंत वाचली होती. पण तात्यांचं ते बोट डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

"अनिलराव, हार नको. ते आहेत."

"कोण?"

"आजोबा. गेली ती म्हैस."

अनिलराव सावकाश खाली उतरले. "आजोबा हयात आहेत, आणि वीस वर्षांत आमची भेट नाही घडवली? लावा फोन. आत्ता."

सुनेने उचलला, तात्यांकडे दिला. अनिलरावांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि स्पीकर लावला. "आजोबा, नमस्कार करतो! मी तुमच्या नातसुनेचा भाऊ, सांगलीचा."

सुनीताने डोळे मिटून घेतले.

"पावणं व्हय?" तात्या गरजले. "मग फोनवर काय बोलताय? जेवायला या की! येत्या ऐतवारी या. कोंबडं कापतो!"

आमच्या जिल्ह्यात माणूस कोण, कुठला, हे जेवण झाल्यावर विचारतात. अनिलरावांनी डोळे पुसले. घोडे त्यांनीच उचलले. "थोरल्यांच्या फोटोशेजारी जनावरं बरी दिसत नाहीत," म्हणाले, आणि म्हशीसमोरून घेऊन गेले.

पेट्रोल, वडा, खिळे धरून तीन हजारांत भागलं. जुनी फ्रेम घेताना मागून वाळवी बघा, हा सल्ला सगळेच देतात. आतला माणूस हयात आहे का, तेही विचारून घ्या.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे भिंतीचा फोटो पाठवला. उत्तरादाखल तात्यांचा व्हॉइस मेसेज आला.

"ब्येस दिसतोय. पर ती नातसून कुठल्या गावची रं? लगीन केलंस आन आमास्नी पत्रिका न्हाय? ऐतवारी ये, मग बघतो तुला."