मारुतीच्या मंडपातली शाळा

खोल्या धोकादायक ठरल्यापासून आमच्या गावची शाळा मारुतीच्या सभामंडपात भरते. सुरुवातीला कुणी दर्शनाला येऊन घंटा वाजवली, की शाळा सुटली समजून पोरं दप्तरं उचलून पळायची. बाई ओरडायच्या, "बसा खाली! देवाची घंटा आहे ती."

काल मी घंटा वाजवली, तर कुणी मानसुद्धा वर केली नाही. पाढे चालूच राहिले.

"खोल्यांचं काय झालं, बाई?"

"प्रस्ताव वर गेलाय."

दरवर्षी हेच. शिक्षणाचे नवे कायदे येतात, निधी मंजूर झाल्याच्या बातम्या येतात, खोल्या येत नाहीत. पोरं घंटेला सरावली, तसे आपण या उत्तराला सरावलो.

निघताना मी पुन्हा घंटा वाजवली, मुद्दाम जोरात.

कुणीच पळालं नाही.