शुक्रवारची वीज

शुक्रवारी सुट्टीला कापडाचे लूम थांबले, की शेलार गावावर एक निराळीच शांतता उतरे, आणि त्या शांततेवर पंढरीचा जीव जडलेला होता. बॅटऱ्यांची दुरुस्ती हा त्याचा धंदा. गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठवडाभर लूम आणि घरे यांच्या भाराखाली तापत राही. दिवेलागणीला तर ती हटकून उडे. म्हणून पंढरीने आळीला एक रीत लावून दिली होती. डीपी निवांत असते त्या शुक्रवारी बॅटऱ्या भरायच्या, आणि एरवी संध्याकाळी घरातले दिवे-पंखे त्यांच्यावर लावून मेन स्विच पाडायचा. भारनियमनाच्या त्या वर्षांत ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडली.

तिची खरी कसोटी लागली ती त्याच्या लेकीच्या हळदीला. "बाबा, डीजे मधीच बंद पडला, त मी पाटावं बसनार न्हाय," असे उन्नतीने बजावले होते. घरे बॅटरीवर राहिली, तर डीपी डीजेचा भार पेलणार होती. पंढरी दारोदार विनवून आला, "त्या सांजेला तेवढा मेन पाडून ठेवा."

सांज झाली. डीजे घुमू लागला. तोच शेजारचा भाविक खांद्यावर बॅटरी घेऊन मांडवात शिरला; मागून कमळावहिनी, मग सगळी आळीच.

"अरे, या बॅटऱ्या इथं कशाला?"

"तुझे लेकीची हलद, न् आमी बॅटऱ्या घरात ठेवू? मांडव उजलू दे, दादा!"

"न् तुमच्या घरात?"

"घरात मेन लावलाय की!"

पंढरीने कपाळावर हात मारला. डीपीकडे धाव घेणार, तेवढ्यात तिकडून धाडकन आवाज आला. डीजे मुका झाला, गाव काळोखात बुडाले. उजेड उरला तो मांडवात, शेजाऱ्यांच्या बॅटऱ्यांचा. उन्नतीचे डोळे भरून आले.

लग्नातली गाणी म्हणणारी धवलारीण ठकुबाई इतका वेळ कोपऱ्यात रुसून बसली होती. ती पुढे सरकली. "मेला एकदाचा! आता तरी माझा धवला आयकशील ना गो, पोरी?"

तिने सूर लावला. अंधारलेल्या घरांतून माणसे मांडवाकडे येऊ लागली. उन्नती डोळे पुसून पाटावर बसली.

पुढे मोठी डीपी आली. ठकुबाई गेली. बॅटऱ्या भंगारात निघाल्या. पंढरीने एक मात्र ठेवली आहे. तिच्यात पाणी घालून ती चार्जिंगला लावताना त्याला पाहून कमळावहिनी अजून टोमणा मारतात, "आता कशाला भरतंस रं?"

"आज शुक्रवार न्हाय का," तो म्हणतो.