साबणमावशी आणि माझा पॅड

साबणमावशी माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी हात. नवजात बाळांच्या कक्षाच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या असत. कितीही मोठे डॉक्टर येवोत, "थांबा बाप्पा," म्हणत त्या नळाकडे बोट दाखवायच्या. कागदोपत्री त्या कक्षसेविका. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक.

मी तिथे संशोधनाला गेलो होतो. दवाखान्यात बरं व्हायला आलेल्या माणसाला दवाखान्यातूनच जंतू कसे लागतात आणि ते कसे रोखायचे, हा माझा विषय. काम सोपं होतं. कोपऱ्यात उभं राहायचं आणि कोण हात धुतं, कोण विसरतं, त्याच्या लिहायच्या पॅडवर खुणा करायच्या. आपण कुणाला दिसतच नाही, अशी माझी समजूत. दुसऱ्याच आठवड्यात मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमी पॅड काहाडला का साऱ्या सिस्टर नळाकडं पयतात. तुमी चाय प्याले गेले का मंग पाहा." माझी सगळी टक्केवारी तिथेच वाहून गेली.

बुलढाण्याची हिवाळी सकाळ त्या कक्षाच्या काचांवर धुकं होऊन टेकलेली असे. आत ऊब. काविळीच्या बाळांवर निळा दिवा, आणि त्या निळाईत इवल्या मुठी पाण्याखाली असल्यासारख्या हळूहळू उघडायच्या, मिटायच्या. मावशी काहीतरी गुणगुणत फिरायच्या. मला उभ्या उभ्या पेंग येई. एकदा पाळण्यावरच कलंडणार होतो, तर मावशींनी दंडाला धरून बाहेर काढलं. "झोपाचं असन तं बाहीर झोपा. अंदर लेकरं झोपून राह्यले."

त्याच दिवसांत वरवट बकाल गावच्या एका बाईचं सातव्या महिन्यात झालेलं बाळ तापलं. दाखल करताना नसलेला संसर्ग त्याला इथेच लागला होता. मी हुरूपाने नळ, पाळणे, सिस्टरांचे हात, सगळ्यांवर कापसाच्या काड्या फिरवून नमुने घेतले. मावशींनी स्वतःहून हात पुढे केले आणि विचारलं, "पॅडाचा काऊन नाही घेत?"

"अहो मावशी, मी बाळांना हातसुद्धा लावत नाही!"

"तुमी नाही लावत. पॅड झोपते ना त्याइच्या जवळ."

खरंच की. लिहून झालं की मी तो पाळण्यात कडेला ठेवायचो. मावशींची समजूत काढायला म्हणून हसत हसत त्यावरही काडी फिरवली.

बाळाच्या रक्तात जो जंतू वाढला, तोच पॅडवर वाढला. नळाच्या तोटीवरही वाढला होता, त्यामुळे सुरुवात कुठून झाली हे प्रयोगशाळेला सांगता येईना. मला ती तोटी एकदम आवडायला लागली. अहवालात तिच्यावर झकास परिच्छेद लिहिला आणि पॅडची ओळ गाळायची ठरवली. मावशींना म्हणालो, "माझ्यामुळेच झालं, असं कुठे सिद्ध होतंय?"

त्या दुपट्याची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही म्हणलं तं तुमाले झोप येईन. हो म्हणलं तं बाकीचे लेकरं वाचतीन. कोन्तं लिहिता?"

पॅडची ओळ लिहिली. बैठकीत सगळे पोट धरून हसले, पण दुसऱ्या दिवसापासून पॅड आणि मोबाइल कक्षाच्या बाहेर राहू लागले. बाळाच्या आईलाही सांगितलं. मावशी शेजारी उभ्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "आता तं दूध पेऊन राह्यला ना?"

पीत होता. पंधरवड्याने मायलेक घरी गेले.

मावशी पुढे निवृत्त झाल्या, आणि मागच्या वर्षी गेल्याच. मी आता गावोगावच्या सिस्टरांना शिकवतो, तेव्हा हीच फजिती सांगतो. हशा होतो. तो ओसरला की एखादी नवी मुलगी हळूच विचारते, "सर, ते बाळ तुमच्यामुळेच आजारी पडलं होतं का?"

शास्त्राप्रमाणे उत्तर आहे, सांगता येत नाही.

मी म्हणतो, "हो."