उलट्या लवेचा पट्टा

आमच्या पडदे शिवायच्या कारखान्यात टाचणीला टाचणी म्हणायचे, कारण तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या. तोंडात टाचण्या घेऊन माणूस बोलणार काय आणि भांडणार काय? बारा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर कापड जुळवून द्यायची आणि मी पडद्यांना रिंगा बसवायची. दोघींच्या वाटचं बोलणं मी एकटीच उरकायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी तऱ्हा. त्यात मला नकला येतात, म्हणजे बघायलाच नको.

आमचा जुना सुपरवायझर नोकरीतून निवृत्त झाला. त्याला आम्ही तोफखाना म्हणत असू. मालकांनी ध्यानीमनी नसताना त्याच्या जागी टाचणीला नेमलं. तिच्या हाताखालून गेलेला पडदा कधी परत आला नव्हता, एवढंच त्यांनी पाहिलं. आम्हाला कोण आनंद झाला! ती मात्र घाबरली. पस्तीस बायकांवर आपला वचक बसायचा कसा, ही तिची काळजी. आणि जन्मात तिने सुपरवायझर पाहिला होता एकच.

मग कमरेवर हात ठेवून ती मशीनांच्या मधून फिरू लागली. आवाज चढला. "डोकं मी चालवते, तुम्ही हात चालवा!" हे वाक्य तोफखान्याचंच, पण त्याच्या तोंडी ते निदान शोभायचं तरी. मीठ कमी आहे म्हणायचीही घरात चोरी झालीय, असं तिचा नवरा मला एकदा रस्त्यात भेटून सांगून गेला. नव्याचे नऊ दिवस, ओसरेल, असं मी धरून चालले होते. सहा महिने झाले तरी ओसरेना. कालपर्यंत "अगं" म्हणणाऱ्या बायका तिला "मॅडम" म्हणू लागल्या. तिला तो मान वाटला. खरं तर तिच्यापासून लांब राहायची ती आमची सोय होती.

अशात एका सभागृहाच्या पडद्याचं काम आलं. दहा पट्टे जोडून केलेला जाड मखमली पडदा. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर खरखरते. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. एक जरी पट्टा उलटा जोडला गेला, तरी दिवे लागल्यावर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. टेबलावर डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं. टाचणीच्या हाताला तर हमखास कळायचं, पण आता तिचे हात कमरेवर असत.

पडदा टांगला, दिवे लावले, आणि सहावा पट्टा भलत्याच कापडाचा असावा तसा फिका दिसला. पडदा परत आला. मालकांनी टाचणीला बोलावून सांगितलं, "परवा त्यांचा कार्यक्रम आहे. पडदा उद्या हवा. आणि हा पट्टा जोडणारीचं नाव मला आज संध्याकाळपर्यंत हवं. ती उद्यापासून घरी."

टाचणीने सगळ्यांना उभं केलं आणि ओरडून ओरडून विचारलं. अळीमिळी गुपचिळी. पट्टा चौथ्या मशीनवरच्या मावशींनी जोडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. कोण कशाला तोंड उघडेल?

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे चेहरे उतरलेले पाहून मला राहवलं नाही. उठले, कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि सुरू झाले. बायका हसून लोळायला लागल्या. तेवढ्यात दारात टाचणी उभी. तीही हसत होती! सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"तोफखाना!" ती म्हणाली. "अगं, हुबेहूब! तो हात, ती मान... काय मेली नक्कल करतेस!"

कोणीच हसेना. मी कमरेवरचे हात खाली घेतले.

शेवटी मावशी हळूच म्हणाल्या, "तो नाही गं. ती तू आहेस."

टाचणी तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसली. मग मला म्हणाली, "परत कर."

"जाऊ दे ना."

"कर म्हणते ना."

केली. इतकी वाईट वेळ माझ्या नकलेवर कधी आली नव्हती. तिने सगळी पाहिली, नजर न हलवता. मग मावशींकडे वळली. "मला तुम्ही कधी काही सांगायला आला होतात का? खरं सांगा."

"आले होते. सहाव्या पट्ट्याची लव मला उलटी लागली. हात वर केला, तर तू म्हणालीस, डोकं मी चालवते. मग मी हात चालवले."

"मला वाटायचं, असं केलं नाही तर माझं कोणी ऐकणार नाही."

"बारा वर्षं तू जुळवून दिलेलं कापड आम्ही न बघता शिवत होतो. आणखी काय ऐकायचं असतं?" मावशी उठल्या. "मी जाऊन सांगते मालकांना."

"तुम्ही बसा," टाचणी म्हणाली.

मालकांच्या केबिनचं दार तिने उघडंच ठेवलं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"नाव माझं घ्या," ती म्हणाली. "पट्टा उलटा आहे हे एका बाईला कळलं होतं. ती सांगायला आली आणि मी तिला गप्प केलं. तिला काढलंत तर चूक ओळखणारी जाईल आणि चूक करणारी राहील."

"मग तुमच्या जागेवर कोणाला बसवू?"

"ते तुम्ही ठरवा. पडदा मात्र मी उद्या देते."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

चार टेबलं जोडून आम्ही पडदा पसरला. टाचणी एकेका पट्ट्यावरून तळवा फिरवत निघाली. सहावा उसवला, फिरवला, टाचला. मालक दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना पाहून ती क्षणभर थबकली. नवव्या पट्ट्याची लव घडीत दबली होती; तिथे तिचा हात अडखळला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडखळला. मालकांसमोर खात्रीने काहीतरी ठोकून देणं सोपं होतं.

"मला हा नीट कळत नाहीये," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "कोणाला कळतोय?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग मावशींनी हात वर केला.