खाटेला कासोटा

माझा नवरा झोपेत खाटेवरून पडायचा.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं आणि सकाळपासून मला तेच आठवतंय.

मुलगी म्हणाली, "आई, फोटो टाक आणि दोन ओळी लिही." फोटोत ते बटणं लावून ताठ उभे आहेत. मला आडवे झालेलेच जास्त आठवतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात मारतहळ्ळीच्या बाजूला रिंग रोडचं काम चालू होतं. तेव्हा तिकडे शेतं, तळी आणि धूळ. हे त्या रस्त्यावर सर्व्हेअर.

राहायला कंपनीचा ट्रेलर. चाकांवरची पत्र्याची खोली. काम पुढे सरकलं की जीपला टोचन लावून घरही पुढे.

मी मिरजेची. लग्न होऊन राजाजीनगरला, यांच्या घरी आले. जुनं बंगळूरकर मराठी घर, निम्मं कन्नड बोलणारं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही.

हे फक्त रविवारी घरी यायचे. मी म्हटलं, मी ट्रेलरमध्ये राहायला जाते.

अक्का म्हणाल्या, "जा. दसऱ्याला मी बघायला येते. डोळ्यांखाली काळं दिसलं, की सामान उचलायचं आणि माझ्याबरोबर परत. मग रविवार ते रविवार."

मी धुळीला घाबरले नाही. सापाला घाबरले नाही.

हरवलं मला अंथरुणानं.

दोन बाजूंना दोन पेट्या, त्यांवर नुसत्या ठेवलेल्या फळ्या. रेल्वेच्या बर्थएवढ्या. फळीवर रेक्झिनची गादी. रेक्झिनवर सुती चादर टिकते होय? सकाळी चादर पायाशी गोळा, गोधडी जमिनीवर, आणि घामानं पाठ रेक्झिनला चिकटलेली.

त्यात ट्रेलर तिरका.

"अख्खा रिंग रोड लेव्हलमध्ये करता, आणि बायकोची खाट उतरती?"

"उतार मुद्दाम ठेवलाय गं. नाहीतर पावसाचं पाणी दारातून आत येईल. रस्त्यालाही असतो, स्वल्प."

"मग रस्त्यावरच झोपते."

"तिथे रोलर फिरतो."

असं बोलणं.

पण एक सांगते. उतारामुळे एका फळीवरचा माणूस भिंतीकडे सरकायचा आणि दुसऱ्या फळीवरचा मधल्या वाटेत पडायचा. भिंतीकडची फळी त्यांनी पहिल्याच दिवशी मला दिली. का, ते बोलले नाहीत. सकाळी कोपर चोळत उठायचे आणि चहा टाकायचे.

मी चादर गादीखाली खोचून पाहिली. सुटली. सेफ्टी पिना लावल्या. टोचल्या. यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधल्या. चादर जागेवर राहिली, पण रबराच्या वासानं माझं डोकं उठलं.

मग शहाणपणा केला. गोधडी, चादर, गादीची खोळ, सगळं धावदोऱ्यानं एकात एक शिवून टाकलं. आता काय सरकेल?

सगळंच सरकलं. गादीसकट मी भिंतीच्या फटीत.

हे मला ओढून काढत होते आणि हसत होते. मी मात्र रडले. दसरा तोंडावर आला होता आणि माझे डोळे आरशात बघवत नव्हते. पुन्हा रविवार ते रविवार राहायचं नव्हतं मला.

त्या सकाळी टाके उसवायला कात्री हवी म्हणून पेटी उघडली, तर वर आईचं जुनं नऊवारी लुगडं. मिरजेहून निघताना तिनं दिलेलं. आई ते नेसून विहिरीचं पाणी ओढायची, शेतात वाकायची, भिंतीवर चढून शेवग्याच्या शेंगा काढायची. कधी सुटलं नाही.

मी फळी उचलली. गादी, चादर आणि फळी, सगळ्याला मिळून लुगड्याचे वेढे घातले. उरलेल्या टोकाच्या निऱ्या केल्या, फळीखालून ओढून घेतल्या आणि पलीकडे घट्ट खोचल्या.

हे संध्याकाळी आले. फळीकडे बघत राहिले. म्हणाले, "खाटेला कासोटा घातलास?"

दुसऱ्या दिवशी बाजारातून जुनं लुगडं शोधून आणलं. स्वतःच्या फळीसाठी.

दसऱ्याला अक्का आल्या. माझे डोळे पाहिले. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "कुठे झोपतेस, दाखव." आणि स्वतःच आडव्या झाल्या.

बाहेर आम्ही दोघं दगडावर बसून. हे नखं खात होते.

अक्का चांगल्या घोरल्या. उठल्या, चादर ओढून पाहिली. हलली नाही. मग फळीखाली हात घालून खोच चाचपली. त्या स्वतः आयुष्यभर नऊवारीच नेसलेल्या.

"सरी," म्हणाल्या. कन्नडमधलं 'ठीक आहे'. "राहा इथंच."

रस्ता संपेपर्यंत आम्ही त्या ट्रेलरमध्ये राहिलो. माझी शाळा सातवीपर्यंतची. हे लायब्ररीतून पुस्तकं आणायचे आणि मी दुपारभर त्या फळीवर पडून वाचायचे. जे काही वाचायला शिकले, ते तिथे.

गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये त्यांना अरुंद कॉट मिळाली. रेक्झिनची गादी. चादर सारखी पाठीखाली गोळा व्हायची आणि त्यांना ती टोचायची. बोलायची ताकद उरली नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "कासोटा?"

मुलीला घरून माझी जुनी साडी आणायला लावली. सिस्टर मला म्हणाली, "अक्का, हे काय करता?" मग तिनंच त्यांना कुशीवर वळवून धरलं. मी वेढे घेतले, निऱ्या केल्या, खोचल्या.

त्यांनी हातानं चादर चाचपली.

"सरी," म्हणाले.

त्यानंतर फारसं बोलले नाहीत.

घरी आता मोठा पलंग आहे. चादरीला चारही बाजूंनी इलॅस्टिक आहे. मी अजून भिंतीकडेच झोपते.

अहो, निवांत झोपा.

घट्ट खोचलंय मी.