शेवंतावयनीची राख

फोन आला तेव्हा तव्यावर बांगडे होते. शेवंतावयनीचा मुलगा म्हणाला, "मावशी, आई गेली." तेल तडतडत होतं... आणि मी आधी गॅस बंद केला. मग खाली बसले. इतक्या वर्षांनीसुद्धा हाताने तिचंच ऐकलं.

आम्ही दोघी कोरगावच्या, आणि दोघी काजूच्या कारखान्यात. ती बायकांची मुकादम, मी नवीन लग्न होऊन आलेली, उंदराला भिणारी. बिया भाजायचा ड्रम असे, त्यातून बिया पेटलेल्याच बाहेर पडत. त्यांच्यावर पाणी शिंपडायचं, मग राख टाकायची; टरफलाचं तेल अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून फोडताना हातालाही राखच. दिवसभर पाणी शिंपडून हाताला तशी सवय लागते बघा, आग दिसली की हात बालदीकडे. एकदा ड्रमखालच्या कुंडीत साठलेलं तेल पेटलं आणि मी त्यात बालदी ओतली. आग विझते कुठली, फस्सकन छपराला गेली. मी तिथेच खिळले. वयनीने मला ओढलं आणि टोपलीभर राख टाकून आग दाबली. तेल पेटलं तर पाणी नाही, राख, हे त्या दिवशी समजलं.

मला वाटलं, आता घरी पाठवणार. पण दुसऱ्या दिवसापासून मधूनच, पेज जेवताना म्हणा, बिया फोडताना म्हणा, मागून येऊन विचारायची, "रुक्मा, कुंडी पेटली. पयलें कितें?" मी गोंधळायची. बायका हसायच्या. मी म्हटलं, वयनी, मला भीतीच वाटते, मी काय करू? तर म्हणाली, "भिये गो, कोण नको म्हणता? पण भियेता-भियेता हात चालव." रोज विचारायची. पहिलं काय ते सांगितलं की जरा थांबून, "दुसरें?" शेवटी शेवटी झोपेतही उत्तरं देत होते म्हणे, आमचे हे वैतागायचे.

मग ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस आले. रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, गाड्या बंद. आमच्यातही कोकणी की मराठी यावरून अबोले झाले होते. वयनी म्हणायची, उजो म्हणा नायतर आग म्हणा, भाजतलां ता भाजतलांच. अशात एक दिवस ड्रमवाला येऊ शकला नाही. बियांचा ढीग पडलेला, म्हणून वयनी स्वतः ड्रमाशी उभी राहिली. आम्ही मोजक्याच बायका. मी पाण्याची बालदी घेऊन तिच्या मागे.

कुंडी पेटली ती दिसलीच नाही. दिसला तो वयनीचा पदर. तेलाने माखलेला, खालून वर पेटत चाललेला... आणि माझ्या हातात भरलेली बालदी. बाकीच्या ओरडत होत्या, पाणी घाल गो, पाणी घाल. म्हापशाहून बंब यायला रस्ता नव्हता. माझं काळीज असं धडधडत होतं की मला वाटलं, मीच आधी मरणार. आणि त्या धडधडीतच ऐकू आलं, पयलें कितें? पहिलं माणूस. बालदी लांब ठेवली, गोणपाट ओढलं, तिच्यावर टाकलं आणि तिला खाली पाडून वर पडले. गोणपाटाखालची धग पोटाला लागत होती. ती हलेना. मी रडत हाका मारत होते.

तेव्हा आतून आवाज आला, बारीक, चिडलेला. "दुसरें कितें?"

"राख," मी ओरडले, "कुंडीत राख टाका!"

आग विझली. वयनीचा डावा दंड आणि मान भाजली, ते वण शेवटपर्यंत राहिले. मी मात्र धीट झाले नाही हो. त्यानंतर कारखाना बंद पडेपर्यंत रोज भीतच कामाला गेले. पण गेले.

तेराव्याला तिच्या घरी गेले. चुलीच्या खोलीत जनेलाखाली, खिडकीखाली हो, राखेची करवंटी तशीच होती. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, तरी ती भरून ठेवायची. सून साफसफाईत टाकायला निघाली होती. मी मागून घेतली.

आता ती माझ्या गॅसजवळ असते. काडी ओढताना अजून छातीत धस्स होतं. मग मीच मोठ्याने विचारते, पयलें कितें? करवंटी जागेवर आहे ना, बघते. आणि काडी हातात धरून जराशी थांबते... ती "दुसरें?" म्हणायला थांबायची ना, तेवढीच.