खटल्याला पान नव्हतं

"एवढी एक नोंद काढून टाका," मार्क म्हणाला. त्याचं पेन 'स्थानबद्धता' या शब्दावर टेकलेलं होतं आणि समोरचा चिकन राइस गार झाला होता.

मी पुस्तकांचे इंडेक्स करते. कुठला विषय कुठल्या पानावर, हे सांगणारी शेवटची सूची म्हणजे इंडेक्स. मार्क मूळचा माल्टा बेटावरचा, इथे सिंगापुरात बँकेत नोकरीला. त्याने आजोबांचं चरित्र लिहिलं होतं. माल्टा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं; आजोबा तिथले राष्ट्रवादी पुढारी, वकील आणि पत्रकार. ब्रिटिशांच्या डोळ्यांत सलणारे. महायुद्धात त्यांना इटलीचे हस्तक ठरवून पकडलं आणि परमुलखात डांबलं. पुस्तकात मात्र एवढंच, 'युद्धकाळात ते बेटाबाहेर होते.' जसे काही सहलीला गेले होते!

बेटाबाहेर म्हणजे कुठे, असं मी मेलवर विचारलं तेव्हा खरं काय ते कळलं. मी सरळ नोंद केली. त्यावरून हे रामायण.

"माझी आई अजून त्याच गल्लीत राहते," मार्क म्हणाला. "या वयात तिला पुन्हा लोकांचं बोलणं नको."

आमची बॉस मिस तान तिच्या सिंगापुरी ढंगात मला म्हणाली, "क्लायंटला नको ना? मग काढ, लाह."

"आईंना विचारलंत?" मी मार्कला म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. आईला त्रास नको म्हणून आईलाच विचारायचं नाही! आमच्या पुण्यातही मुलगे हेच करतात, आणि मला त्याचा संताप येतो. मी हट्टाने इंडेक्स मार्कच्या आईंना पाठवायला लावला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात व्हिडिओ कॉल झाला. आईंच्या हातात प्रिंट होती.

"स्थानबद्धता आहे. खटला कुठे आहे?"

"खटला झालाच नाही ना, आई."

"मग तेच लिही. जन्मभर दुसऱ्यांचे खटले लढवले बाबांनी. स्वतःचा मागत राहिले, मिळाला नाही. शाळेत मुली मला फितुराची पोर म्हणायच्या. कुठल्या कोर्टाने ठरवलं, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. तुझं पुस्तक विचारेल, म्हणून मी थांबले होते."

 

"घाला ती नोंद," मार्क हळूच म्हणाला.

"नाही घालता येणार. पानाच्या नंबरशिवाय इंडेक्समध्ये नोंद जात नाही. तुमच्या पुस्तकात ते पानच नाही."

मार्कने रजा टाकली, आईकडे जाऊन राहिला आणि एक नवं प्रकरण लिहून आणलं. छपाई लांबली, मिस तान कुरकुरली. इंडेक्समध्ये 'खटला, न मिळालेला' अशी नोंद गेली. पुस्तक हातात पडल्यावर आई ते घेऊन दोन घरं पलीकडे गेल्या. त्यांना शाळेत फितुराची पोर म्हणणाऱ्यांतली एक तिथे राहते, मार्कने सांगितलं. ते प्रकरण त्यांनी तिला मोठ्याने वाचायला लावलं, आणि ती वाचून संपेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

लेखकाचं ऐकावंच लागतं, आमचा धंदाच तो. पण ज्याच्या काळजीपोटी नोंद गाळायची, त्याला आधी एक फोन करावा.